मूल ‘ढ’ नाही, कानाच्या पडद्यामागे पाणी आहे!

शाळा सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की घरोघर तक्रारी येऊ लागतात. बाई सांगतात, तुमच्या मुलाचे वर्गात लक्ष नसते. शुद्धलेखन घातले की ‘साठ’ऐवजी ‘आठ’ लिहितो. पाढे सगळ्यांबरोबर घोकतो, पण एकट्याला उभे केले की गप्प. घरी आई ओरडते, ‘बहिरा झालास का रे?’ बाप पाळी संपवून घरी येतो, टीव्हीचा मोठा आवाज ऐकून वैतागतो आणि पाठीत एक धपाटा घालतो. पण ते मूल खरोखरच थोडेसे बहिरे झाले असेल, ही शंका कोणाच्याच मनात येत नाही. बहिरेपण म्हटले की जन्मापासून न ऐकणारे, न बोलणारे मूल आपल्या डोळ्यांपुढे येते. हे मूल तर चांगले बोलते, हाक मारली की कधी वळूनही पाहते. सर्दी कमी झाली की त्याला जरा बरे ऐकू येते, सर्दी वाढली की पुन्हा ऐकू येईनासे होते. हा चढउतार आपल्या लक्षात येत नाही आणि ‘याला मनात असेल तेव्हाच ऐकू येते’ असा निकाल देऊन आपण मोकळे होतो.

अशा मुलांपैकी काहींच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले असते. हा आजार आपल्या ओळखीचा ‘कान फुटणे’ नव्हे. कान फुटला की ठणका लागतो, पू वाहतो, उशी खराब होते, मूल रात्रभर रडते. आईला ते कळतेच. इथे मात्र ठणका नाही, ताप नाही, बाहेर काहीही दिसत नाही. पडद्याच्या आतल्या पोकळीत पातळ पाणी किंवा डिंकासारखा चिकट द्रव भरलेला असतो. इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी त्याला ‘ग्लू इयर’, म्हणजे डिंकाचा कान, असेच नाव दिले आहे. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुसंख्य मुलांना हे एकदा तरी होऊन जाते आणि बहुतेकांचे आपोआप बरेही होते. प्रश्न उरतो तो ज्यांचे बरे होत नाही त्यांचा.

हे पाणी बाहेरून शिरत नाही, हे आधी समजून घेऊ. आंघोळीचे पाणी, पावसाचे पाणी, गंगेवर मारलेल्या उड्या यांचा याच्याशी संबंध नाही. पडदा शाबूत असेल तर बाहेरचे पाणी त्याच्या पलीकडे जातच नाही. पडद्यामागे वाटाण्याएवढी एक पोकळी असते. तिच्यात घण, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे असतात; मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांचे चित्र सापडेल. ही पोकळी हवेने भरलेली असली तरच पडदा मोकळेपणाने थरथरतो आणि आवाज पुढे जातो. ती हवा येते नाकाच्या मागच्या बाजूने, एका बारीक नळीतून. डॉक्टर तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दीने चटकन बंद होते. शिवाय तिच्या तोंडाशीच अॅडेनॉइड नावाची मऊ गाठ असते. ती वाढली की नळीची वाट आणखी अडते. हवा येणे थांबले की आत असलेली हवा कानाचे अस्तर शोषून घेते, पडदा आत ओढला जातो आणि अस्तरातूनच पाणी पाझरू लागते. ढोलकीत पाणी भरले तर ती कशी वाजणार?

याने येणारे बहिरेपण साधारण २० ते ३० डेसिबलचे असते, काही मुलांत ४० पर्यंत जाते. आकड्यांनी समजत नसेल तर दोन्ही कानांत बोटे घालून संध्याकाळभर घरात वावरून पाहा. बोलणे ऐकू येते, पण त्यातला ‘स’ गळतो, ‘त’ गळतो. कुजबूज तर कळतच नाही. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, बाहेर रस्त्यावरून रिक्षा जात असताना हे मूल काय शिकेल? आपल्या घरांत एकेका मुलाच्या शिक्षणासाठी आईबाप काय काय पणाला लावतात, हे आम्ही सांगायला नको. ते सगळे वाटाण्याएवढ्या पोकळीतल्या थेंबभर पाण्याने वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

तेलाची वाटी बाजूला ठेवा

माता-भगिनींना आमची पहिली विनंती. लसूण घालून कोमट केलेले तेल, कांद्याचा रस, कानकोरणे, केसाची पिन, आगकाडी, यांपैकी काहीही कानात घालू नका. बसस्टँडवर, बाजारात बसून कान साफ करून देणाऱ्यांकडेही मुलाला नेऊ नका. पाणी पडद्याच्या पलीकडे आहे. तेल अलीकडेच राहते. पिनेने पलीकडे जाता येते, पण ते पडदा फाडूनच. अंगारा, ताईत, दृष्ट काढणे याविषयी आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

घरच्या घरी एक साधी पारख करता येते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा, म्हणजे त्याला तुमचे ओठ दिसणार नाहीत. त्याला एक कान बोटाने दाबून धरायला सांगा आणि कुजबुजत्या आवाजात त्याच्या ओळखीचे शब्द म्हणा: पाटी, केळे, साप, आजी. ते शब्द त्याने परत म्हणून दाखवावेत. मग दुसरा कान. दोन-तीन दिवस करून पाहिले आणि निम्मे शब्द चुकले, तर दवाखान्यात जायला हवे. तोंड उघडे टाकून झोपणे, घोरणे, सतत ‘अं? काय?’ विचारणे, बोलणे बोबडे राहणे, याही खुणाच आहेत.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापले जातात, त्यांच्या कुटुंबासाठी सातपूरचे राज्य कामगार विमा रुग्णालय आहे. विमा फक्त नवऱ्याचा, मुलांना तो लागू नाही, असा समज काही घरांत अजून आहे. तो चुकीचा आहे. कार्ड काढून ठेवले असेल तर मुलांनाही लाभ मिळतो.

डॉक्टर दुर्बिणीने पडदा पाहतात. निरोगी पडदा मोतिया, चमकदार असतो. पाणी असेल तर तो मळकट, पिवळसर आणि आत ओढलेला दिसतो, कधी त्यामागे बुडबुडेही दिसतात. पण केवळ बघून भागत नाही. टिंपॅनोमेट्री नावाची चाचणी करून घ्यावी. कानात एक मऊ बोंडूक धरतात आणि हवेचा दाब थोडा कमी-जास्त करून पडदा हलतो की नाही याचा आलेख काढतात. सुई नाही, दुखत नाही, एका मिनिटाचे काम. पडदा हलत असेल तर आलेखात डोंगर उमटतो, मागे पाणी असेल तर सपाट रेघ. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची हेडफोन लावून ऑडिओमेट्रीही होते. त्यात दोन्ही कानांना किती ऐकू येते ते कागदावर मिळते. हा कागद जपून ठेवायचा, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच अवलंबून असतो. नसेच्या बहिरेपणाची शंका आली, तर मुंबईला वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत जाता येते. ही राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

आणि शाळा-अंगणवाडीत मुलांना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकाकडे दुर्लक्ष करू नका. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकू कमी येणे आणि मध्यकर्णाचा आजार या दोन्ही गोष्टी तपासायच्या यादीत आहेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी व्हायची असते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि तुमची शंका बाईंमार्फत आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. गर्दीत पथकाला प्रत्येक कान नीट बघणे होत नाही. नाव सांगितले की ते थांबून बघतात.

लगेच ऑपरेशन नको

पाणी आहे असे कळले म्हणजे दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, असे नाही. हे आम्ही ठासून सांगतो, कारण घाबरलेल्या आईबापांना घाईने टेबलावर नेणारेही काही असतात. आज जगभरचा नियम असा आहे, की मूल एरवी निरोगी असेल तर तीन महिने वाट पाहायची आणि पुन्हा टिंपॅनोमेट्री व ऑडिओमेट्री करायची. बरीच मुले या तीन महिन्यांत आपोआप मोकळी होतात. टाळू फाटलेले मूल, डाऊन सिंड्रोम असलेले मूल, ज्याचे बोलणे आधीच मागे पडले आहे किंवा ज्याला नसेचे बहिरेपणही आहे असे मूल, यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याबाबत डॉक्टर लवकर निर्णय घेतात.

या काळात औषधांच्या पिशव्या भरू नका. अँटिबायोटिक, सर्दीच्या गोळ्या, नाक मोकळे करणारे थेंब, स्टेरॉइडच्या गोळ्या, यांनी हे पाणी जात नाही, असे वारंवार झालेल्या तपासण्यांतून दिसून आले आहे. चिठ्ठीवर महिन्याभराचे अँटिबायोटिक लिहून मिळाले, तर ‘डॉक्टरसाहेब, हे कशासाठी?’ असे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. नाकपुडीने फुगा फुगवण्याचा एक उपाय आहे. त्यासाठी नाकाला लावायची खास नळी मिळते. इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्याचा थोडा फायदा दिसला. मूल समजूतदार असेल, दिवसातून तीनदा नेमाने करणार असेल, तर डॉक्टरांना विचारून करावा. जत्रेतला फुगा चालत नाही.

खरे काम आहे ते शाळेत आणि घरात. बाईंना भेटून मुलाला पहिल्या बाकावर बसवून घ्या. बोलताना त्याच्यासमोर या, आधी नाव घ्या, टीव्ही बंद करा. आणि घरातला धूर कमी करा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने घराबाहेर जावे, दारात उभे राहून नव्हे. चूल असेल तर मूल तिच्याजवळ नको, मच्छर अगरबत्ती बंद खोलीत नको. धुराने नाकाचे व कानाचे अस्तर सुजते आणि हे पाणी रेंगाळते. तान्ह्या बाळाला आडवे ठेवून बाटलीने दूध पाजू नये, हेही त्याच कारणाने.

ग्रोमेट काय करते?

तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी आणि ऐकणे कमीच, असे दोन्ही कागद सांगत असतील, तर ऑपरेशनचा विचार करायचा. ऑपरेशनाची पहिली पायरी म्हणजे पडद्याला बारीक चीर देऊन पाणी ओढून काढणे. अॅस्टली कूपर या इंग्रज सर्जनने १८०१ साली बहिरेपणावर पडद्याला भोक पाडून पाहिले होते. रुग्णांना ऐकू आले, पण काही दिवसांतच पडदा भरून आला. पडदा ही मोठी जिद्दी वस्तू आहे. स्वतःच स्वतःला शिवून घेते. म्हणून नुसती चीर दिली तर आठवड्याभरात ती बंद होते आणि पाणी पुन्हा जमते. व्हिएन्नाच्या अॅडम पोलिट्झर यांनी १८६० च्या दशकात त्या भोकात रबराची कडी बसवून पाहिली. ती पद्धत मागे पडली आणि १९५४ साली अमेरिकेतील डॉ. बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची नळी बसवून पुन्हा आणली. आजचे ग्रोमेट ही त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

बुटाच्या नाडीच्या भोकाला जशी गोल कडी असते, तसे ग्रोमेट असते. आकाराने मात्र तांदळाच्या दाण्याहून लहान. दोन्ही बाजूंना कडा आणि मध्ये भोक, म्हणून ते पडद्यात अडकून बसते. बहुतेकांना वाटते, की ते आतले पाणी बाहेर सोडण्यासाठी असते. तसे नाही! पाणी तर ऑपरेशनच्या वेळीच ओढून काढलेले असते. ग्रोमेट बसवतात ते हवा आत जाण्यासाठी. नाकामागची नळी जे काम करू शकत नाही, ते काम हे भोक समोरच्या बाजूने करते. आत हवा खेळू लागली की अस्तर सुकते, पाझर थांबतो. दरम्यान मूल वाढते, नळी लांब आणि तिरकी होते, आणि सात-आठ वर्षांच्या सुमारास ती बहुधा आपले काम सांभाळू लागते. म्हणजे ग्रोमेट हा बदली कामगार आहे. कायम कामगार हजर होईपर्यंत पाळी सांभाळतो.

ते काढावे लागत नाही. पडद्याची कातडी आतून बाहेर सरकत असते, तीच त्याला सहा ते बारा महिन्यांत ढकलून काढते. एखाद्या दिवशी मळाबरोबर ते उशीवर सापडते, कधी सापडतही नाही. दोन-तीन वर्षे झाली तरी अडकून राहिले, तर डॉक्टर काढतात. ‘टी’ आकाराची, जास्त दिवस टिकणारी नळीही मिळते; पण ती निघाल्यावर पडद्याला भोक राहून जाण्याचे प्रमाण जास्त, म्हणून पहिल्यांदा ती सहसा बसवत नाहीत. साध्या ग्रोमेटनंतर असे भोक राहण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन मुलांचे. पडद्यावर पांढरे डाग मात्र बऱ्याच जणांना राहतात. त्यांनी ऐकण्यात सहसा फरक पडत नाही.

फायदा किती, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ग्रोमेटने ऐकणे लगेच सुधारते, पण हा लाभ मुख्यतः पहिल्या सहा-नऊ महिन्यांचा. वर्षानंतर ग्रोमेट बसवलेली आणि न बसवलेली मुले यांच्या ऐकण्यात फारसा फरक उरत नाही, कारण तोवर दुसऱ्यांचेही पाणी बरेचसे गेलेले असते. मग कशाला करायचे? करायचे ते या नऊ महिन्यांसाठीच. पहिली-दुसरीत अक्षर-अंक शिकण्याचे, किंवा तिसऱ्या वर्षी बोलायला शिकण्याचे नऊ महिने वाया गेले, तर ते नंतर भरून काढणे जड जाते. उलट मूल चांगले बोलते, अभ्यासात मागे नाही, एकाच कानात पाणी आहे, तर आणखी वाट पाहण्यात काही बिघडत नाही. डॉक्टरांना अधूनमधून कान दाखवत राहावे. ज्यांना भूल देणे धोक्याचे, किंवा ज्यांच्या घरचे ऑपरेशनला तयार नाहीत, त्यांना काही काळ श्रवणयंत्र लावता येते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. चष्म्याची कोणाला वाटते?

अॅडेनॉइडचे काय? मूल चार वर्षांहून मोठे असेल, किंवा नाक सतत बंद, घोरणे, तोंडाने श्वास असे असेल, तर ग्रोमेट बसवतानाच ही गाठ तोंडावाटे काढतात. त्यामुळे पाणी पुन्हा साचण्याचे प्रमाण घटते. चार वर्षांच्या आतल्या मुलात केवळ कानासाठी ती काढत नाहीत. काढण्यापूर्वी टाळू नीट तपासलेली हवी, नाहीतर नंतर आवाज नाकातून येऊ लागतो. टॉन्सिल्स काढल्याने मात्र कानातल्या या पाण्यावर काही उपयोग होत नाही. ‘एकाच भुलीत तेही काढून टाकू’ असे कोणी म्हटले, तर वेगळे कारण विचारा.

भूल, भीती आणि गंगेचे पाणी

ऑपरेशन कानाच्या भोकातून, सूक्ष्मदर्शकाखाली होते. बाहेर टाका नाही, पट्टी नाही. दहा-पंधरा मिनिटांचे काम, पण मूल हलू नये म्हणून पूर्ण भूल देतात. त्याआधी किती तास उपाशी ठेवायचे ते भुलेचे डॉक्टर सांगतील. तो शब्द पाळा. आजीने लाडाने हळूच दिलेला बिस्किटाचा तुकडाही भुलेत उलटी होऊन फुफ्फुसात जाऊ शकतो. दिला गेला असेल तर लपवू नका, ऑपरेशन पुढे ढकलले जाईल एवढेच. नुसते ग्रोमेट असेल तर मूल बहुधा त्याच दिवशी घरी येते. अॅडेनॉइड काढले असेल तर एखादी रात्र ठेवू शकतात, आणि त्यानंतर नाकातोंडातून ताजे रक्त आले तर घरी थांबायचे नाही.

‘पडद्याला भोक पाडल्यावर पोरगी कायमची बहिरी झाली तर?’ असे आया विचारतात. हे भोक मिलिमीटरभराचे असते आणि ग्रोमेट पडल्यावर बहुतेक मुलांत ते बुजते. पोरगी म्हटले म्हणून आणखी एक सांगतो. दवाखान्यात मुलगा येतो तेवढ्या लवकर मुलगी येत नाही. ती गप्प असते, कोपऱ्यात बसते, ‘शहाणी, शांत पोर’ म्हणून तिचे कौतुक होते. ती शांत आहे की तिला ऐकूच येत नाही, हे एकदा बघा.

ग्रोमेट असताना साधी आंघोळ चालते. साबणाचे पाणी कानात जाऊ नये म्हणून कापसाला व्हॅसलीन लावून बोळा ठेवला की झाले. स्वच्छ तलावात वरच्या वर पोहायलाही आता बहुतेक डॉक्टर ना म्हणत नाहीत. पण रामकुंड, गांधी तलाव, गाडगे महाराज पुलाखालचे पाणी, विहिरीतले सूर, हे पूर्ण बंद. गढूळ पाणी त्या भोकातून आत गेले की कान वाहू लागतो. कान वाहिला तर घाबरू नका, पण घरातली जुनी बाटली शोधून थेंबही घालू नका; सगळेच थेंब पडद्याला भोक असताना चालणारे नसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब घातले की बहुधा काही दिवसांत थांबते.

पैशांचे म्हणाल, तर २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव असलेली जनआरोग्य योजना आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि दोन्ही तपासण्यांचे कागद घेऊन त्याला आधी भेटा. ऑपरेशन कोणत्या नावाने नोंदवले जाईल आणि कोणते पैसे भरावे लागणार नाहीत, हे दाखल होण्यापूर्वीच विचारा. नंतर विचारले तर हाती पावत्याच राहतात. ग्रोमेटसाठी पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईला जाण्याची गरज नाही. हे काम नाशिकलाच होते.

मोठ्या माणसांविषयी थोडक्यात. सर्दीनंतर काही दिवस कान बंद राहणे नेहमीचे आहे. पण मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साचून ते महिनाभरात गेले नाही, तर नाकाच्या मागची जागा दुर्बिणीने पाहून घेतलीच पाहिजे. तिथे वाढलेली गाठ नळी दाबत असू शकते आणि ती कॅन्सरची असू शकते. मानेत गाठ लागत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर एक दिवसही दवडू नये.

मुलांच्या बाबतीत दुर्लक्षाची किंमत केवळ अभ्यासाची नसते. वर्षानुवर्षे आत ओढलेला पडदा हाडांना चिकटतो, त्याचा खळगा होतो, खळग्यात कातडीचा मळ साचून तो हाडे कुरतडू लागतो. मग मास्टॉइडचे मोठे ऑपरेशन करावे लागते. म्हणून ऑपरेशन केले असो वा नसो, मूल आठ-नऊ वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी कान दाखवावा. ग्रोमेट पडून गेल्यावर तर एकदा ऑडिओमेट्री करायचीच. त्यासाठी कामावर एक खाडा पडेल. तो आलेख आणि जुना आलेख शेजारी ठेवून डॉक्टरांकडून समजावून घ्या, आणि त्याची झेरॉक्स शाळेत बाईंना द्या.